प्रोसेसर गेला म्हणतात तेव्हा तो बहुतेक वेळा गेलेला नसतो

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, कराडकडे. आजूबाजूच्या गावातले फोटोग्राफर कार्ड आणि हार्डडिस्क आणून देतात, हळदीपासून वरातीपर्यंत सगळं शूट असतं, त्यातून मी हायलाइट आणि पूर्ण फिल्म काढून देतो. कॉम्प्युटर बंद तर माझं दुकान बंद, म्हणून हार्डवेअर शिकणं भाग पडलं आणि शिकता शिकता त्यात गोडी लागली. हे सगळं लिहितोय कारण माझ्या मशीनवर एकदा नाही तर दोनदा "प्रोसेसर गेला" असा शिक्का बसला आणि दोन्ही वेळा प्रोसेसर ठणठणीत होता, आणि असं कितीतरी लोकांसोबत होत असणार ज्यांनी चांगला प्रोसेसर बोर्डसकट भंगारात देऊन नवीन मशीन घेतलं असेल.

जुनं मशीन म्हणजे आय७-४७९०, चौथ्या जनरेशनचा, २०१४ चा. चार कोर आठ थ्रेड, त्यावर १६ जीबी डीडीआर३ रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. वर्षानुवर्षं तक्रार न करता चाललेलं मशीन. भर लग्नसराईत, एप्रिलच्या उन्हात, ते रेंडर करताना, म्हणजे एडिट केलेल्या फिल्मची शेवटची फाइल बनवताना, बंद पडायला लागलं. हँग नाही, निळा स्क्रीन नाही, थेट लाइट गेल्यासारखं फट्कन बंद आणि काही सेकंदांनी स्वतःच परत चालू. ब्राउझर, बिलं, फोटो निवडणं असलं काही केलं तर दिवसभर चालायचं पण एक्सपोर्ट लावला की दहा-वीस मिनिटांत बंद. जवळच्या दुकानात नेलं, तिथल्या भाऊंनी चालू करून बघितलं, दोन मिनिटांत सांगितलं, "प्रोसेसर गेलाय, आता याला काय मिळत नाय, बोर्डसकट नवीन घ्या."

मला ते पटेना. प्रोसेसरमध्ये हलणारं काही नसतं, सुकणारे फुगणारे कपॅसिटर नसतात, आणि तो स्वतःची काळजी स्वतः घेतो, म्हणजे तापला की आधी स्पीड कमी करतो आणि तरीही तापतच राहिला तर मशीन बंद करून टाकतो. खरंच मेलेला प्रोसेसर असेल तर सहसा डिस्प्लेच येत नाही, तो दहा मिनिटं फुल लोडवर रेंडर करून मग बंद पडत बसत नाही. याउलट त्याच्या आजूबाजूची मंडळी, म्हणजे त्याला गार ठेवणारा कूलर, करंट देणारा एसएमपीएस, बोर्डावरचे कपॅसिटर, शेजारची रॅम, ही सगळी झिजणारी, सुकणारी, सैल होणारी मंडळी आहेत. म्हणून माझा नियम असा की आधी ताप, मग पॉवर, मग रॅम, मग बोर्ड आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि तोच दोष महिनाभराने परत दारात येतो.

पण त्याच्याही आधी डेटा. लोकांच्या लग्नाचं शूट परत होत नाही, मंगलाष्टका रिटेक करता येत नाहीत. रेंडर करताना अचानक बंद होणारं मशीन म्हणजे हार्डडिस्कवर लिहिणं चालू असताना पॉवर जाणं, आणि त्यात फाइल सिस्टीम खराब होऊ शकते. म्हणून दुरुस्तीला हात लावायच्या आधी सगळे चालू प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर उतरवले आणि मगच क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावून डिस्कची तब्येत बघितली. त्यात तीन आकडे मी बघतोच, रीअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि सीआरसी एरर. पहिले दोन, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे, वाढत असतील तर डिस्क मरायला लागलीय, तिच्यावर कामाचं काही ठेवू नका. फक्त सीआरसी वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते आणि साटा केबल खराब किंवा सैल असते, ती केबल किरकोळ पैशात येते, पण लोक डिस्कच बदलतात. माझ्या डिस्का ठीक होत्या.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद. हे बघून बरेच जण म्हणतात की बघा, पॉवर सप्लायचा एरर आलाय. तसं नाही. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाऊन न होता बंद झालं. कुणी प्लग ओढला तरी ४१, जास्त तापून बंद झालं तरी ४१, एसएमपीएसने मान टाकली तरी ४१. त्यावरून कारण कळत नाही, पण त्या नोंदीत बगचेककोड शून्य असेल तर विंडोजने स्वतः क्रॅश नोंदवलेला नाही एवढं कळतं, म्हणजे सॉफ्टवेअरकडे आणि ड्रायव्हरकडे वेळ घालवायची गरज कमी होते. फॉरमॅट मारून बघू हा सल्ला मला त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी दिला, मी तो घेतला नाही.

मग एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे ताप दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू ठेवून रेंडर लावला. सुरुवातीला ५५ डिग्री, मग झपझप वर चढत दोन मिनिटांत १००. या प्रोसेसरची मर्यादाच १०० डिग्री आहे, तिथे पोचला की तो क्लॉक खाली आणतो, आणि स्क्रीनवर थर्मल थ्रॉटलिंगसमोर येस दिसतच होतं. कॅबिनेट उघडलं. इंटेलसोबत जो गोल कूलर यायचा त्याला चार कोपऱ्यांना प्लास्टिकच्या पुशपिना असतात, काळ्या टोप्या आणि खाली दोन फाकळ्या होणारं पांढरं टोक. त्यातली एक पिन बोर्डाच्या भोकातून निम्मी वर आली होती. वरून बघितलं तर कळतसुद्धा नाही, कूलर जागेवरच दिसतो, पण बोटाने दाबलं की तो कोपरा डुलतो. कूलर काढला तर खालची पेस्ट, जी प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवते, ती खडूसारखी सुकलेली, अर्ध्या भागाला चिकटलेली आणि उरलेला अर्धा भाग नुसता चकाकतोय, म्हणजे तिथे कूलर टेकतच नव्हता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, मधोमध वाटाण्याएवढी नवीन पेस्ट, चारही पिना वरच्या खुणेप्रमाणे फिरवून समोरासमोरच्या जोडीने दाबल्या, प्रत्येकीचा टक् आवाज ऐकला आणि बोर्डाच्या मागून टोकं आरपार आलीत का ते टॉर्च लावून बघितलं. परत रेंडर, ताप ७० च्या आसपास स्थिर. स्पीडही वाढला, कारण इतके दिवस तो बिचारा दबून चालत होता.

पण बंद पडणं थांबलं नाही. आधीपेक्षा उशिरा, पण पडायचंच. म्हणजे दोष दोन होते, आणि हार्डवेअरमध्ये हे फार वेळा होतं, एक सापडला की माणूस पुढे शोधायचं सोडून देतो.

आता पॉवर. पहिली गोष्ट यूपीएस बाजूला केला आणि मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावलं. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो साधारण ३६० वॉटचा असतो, त्यावर मॉनिटर, स्पीकर, राउटर सगळं टांगलेलं असतं, बॅटरी तीन वर्षांची झालेली असते, आणि आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं की तो सारखा बॅटरीवर जातो. शिवाय अलीकडच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, त्याचं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हचं कधीकधी जमत नाही, लाइट गेली की यूपीएस चालू राहतो आणि मशीन मात्र बंद होतं. माझ्या बाबतीत यूपीएस काढूनही बंद पडलं, म्हणजे तो सुटला.

मग एसएमपीएस. त्याच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट, पण खालचा बारीक तक्ता वाचायचा असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टच्या लाइनवरून जाते, म्हणून १२ व्होल्टसमोर किती अँपियर लिहिलेत तो आकडा खरा. माझ्यावर १६ अँपियर होते, म्हणजे १२ गुणिले १६, १९२ वॉट. माझा प्रोसेसर ८४ वॉटचा, ग्राफिक्स कार्ड ७५ वॉटचं, वर हार्डडिस्का, फॅन, बोर्ड. म्हणजे रेंडरला दोघंही फुल लोडवर गेले की तो सप्लाय अगदी गळ्यापर्यंत आणि तोही उन्हाळ्यात, इतक्या वर्षांनी. मल्टीमीटर डीसीवर लावून मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या पॉवर) कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी वायर पकडली, रिकामं असताना १२.१, रेंडर लावल्यावर ११.६, ११.४, आणि बंद पडायच्या आधी ११.२ दिसलं. एटीएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर सप्लायच्या, नियमात ५ टक्के सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६, त्याच्या खाली गेलं की सप्लाय बाद समजायचा. आणि लक्षात घ्या की मल्टीमीटर सावकाश आकडा दाखवतो, क्षणभराचा झोका त्याला दिसत नाही, त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस चांगलाच असं म्हणता येत नाही, खरी परीक्षा म्हणजे माहितीतला चांगला सप्लाय लावून बघणं. हिरवी आणि काळी वायर पिनेने जोडून फॅन फिरतो का बघायची जी पद्धत आहे ती फक्त सप्लाय पूर्ण मेलाय का एवढंच सांगते, लोडवर काय होईल ते नाही. मित्राच्या मशीनचा ५५० वॉटचा ब्रॉन्झ सप्लाय उसना आणून लावला, रात्रभर रेंडर चालू ठेवला, सकाळी पूर्ण. तसाच नवीन मागवला. जुना उघडून कपॅसिटर बदलू असं कुणाच्या मनात येईल, तर माहिती नसताना उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात.

हे करता करता अजून एक गोष्ट समोर आली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, टेस्टर लावला की पेटायचा. घरात सगळे म्हणायचे, कॉम्प्युटरला तसं होतंच, पायात चप्पल घाल. हे का होतं तर एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यात दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून कॅबिनेटकडे, म्हणजे अर्थकडे जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर ती बारीकशी गळती जमिनीत जाते. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहतं आणि त्यावर साधारण अर्धं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्याच कॅबिनेटमधून तुम्ही एचडीएमआय केबल, यूएसबी, कॅमेरा, हार्डडिस्क लावता-काढता, आणि पोर्ट उडण्याचं ते एक कारण असू शकतं. आणि उद्या सप्लायमध्ये खरा शॉर्ट झाला तर ते करंट जायला रस्ताच नाही, तो रस्ता मग तुम्ही.

आमच्या वायरमन अप्पांना बोलावलं. त्यांनी सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजलं, २२८. फेज-अर्थ मोजलं तर ९०, आणि तोही आकडा हलतोय. अप्पा म्हणाले, "अर्थची वायर हाय, पण ती जातीया कुठं?" शोधलं तर घराला वरचा मजला चढवताना बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली होती आणि मेन स्विचपाशी ती नुसती गुंडाळून सोडली होती. घरामागे खड्डा घेऊन पाइप, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं. त्यानंतर फेज-अर्थ २२७ आणि न्यूट्रल-अर्थ एक-दीड व्होल्ट, म्हणजे जसं पाहिजे तसं. झिणझिण्या गेल्या, आणि स्पीकरमधली घूं पण गेली. कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी मी आता हे मोजून घेतो आणि स्वतःला येत नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या, पण घ्याच.

डिस्प्ले येत नाही ही तक्रार घेऊन ओळखीचे लोक येतात, त्याबद्दल थोडक्यात सांगतो कारण त्यात तर "प्रोसेसर गेला" सर्रास चालतं. फॅन फिरतोय, डिस्प्ले नाही, तर पहिल्यांदा मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की बोर्डाला ते बघायचं. मग प्लग काढून, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून, रॅम काढून परत बसवायची, एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंचा खटका लागेपर्यंत. खोडरबरने घासायची आपल्याकडे रीतच आहे, पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने चालतो पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका, खरं तर नुसतं काढून बसवण्यानेच निम्मी मशीन चालू होतात. तारीख वेळ सारखी मागे जात असेल तर सीआर२०३२ चा बटण सेल, तो ३ व्होल्टचा असतो, २.७ च्या खाली आला की बदला. आणि बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का, तपकिरी काही सांडलंय का, हे टॉर्च लावून बघा. नवीन बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार दिवे असतात, मशीन कुठे अडकलंय तो दिवा पेटून राहतो. फक्त त्याचा अर्थ त्या पायरीवर अडकलं एवढाच घ्यायचा, तो पार्ट गेला असा घ्यायचा नाही. हे मला पुढे फार उपयोगी पडलं.

तर जुनं मशीन दुरुस्त झालं, पण काम बदललं होतं. आमच्या फोटोग्राफर मंडळींनी नवीन कॅमेरे घेतले आणि फोरके १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवून, एच.२६५ कोडेकवर (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत) शूट करायला लागले. रंगाला सुंदर, हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ओढाताण केली तरी फाटत नाही. पण ती क्लिप माझ्या टाइमलाइनवर टाकली की सेकंदाला दोन फ्रेम. सगळ्याच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या छोट्या नकला, बनवून काम चाललं असतं, पण एका लग्नाच्या प्रॉक्सी बनायलाच रात्र जायची. इथे मात्र नवीन प्रोसेसर घ्यायचं खरं कारण होतं.

आणि प्रोसेसर निवडताना लोक जे विचारतात, आय५ घेऊ का आय७, ते मला अर्धवट वाटतं. दहा वर्षांपूर्वीचा आय७ चार कोरचा होता, आजचा आय५ त्याच्या कितीतरी पुढे आहे. आधी काम विचारायचं आणि ते काम चिपच्या कुठल्या भागावर पडतं ते बघायचं. टॅली आणि डीटीपीवाल्याला कोर मोजत बसायची गरज नाही, त्याला एसएसडी आणि १६ जीबी रॅम द्या. गेमवाल्याचे पैसे ग्राफिक्स कार्डात जाऊ द्या. माझं अडत होतं ते डीकोडिंगला, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडून दाखवायला. एच.२६५ चं ४:२:२ १० बिट हार्डवेअरवर डीकोड करणं त्या वेळच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांना येतच नव्हतं, एनव्हीडियाने ते ५० सिरीजपासून, म्हणजे २०२५ मध्ये दिलं. इंटेलच्या प्रोसेसरमधलं साधं इन्बिल्ट ग्राफिक्स मात्र डेस्कटॉपवर ११ व्या जनरेशनपासून हे करतं, त्याला क्विक सिंक म्हणतात. म्हणजे ज्या इन्बिल्ट ग्राफिक्सला सगळे नावं ठेवतात, लग्नाच्या एडिटरसाठी तोच प्रोसेसरचा सगळ्यात मोलाचा भाग.

त्यामुळे नावापुढची अक्षरं नीट वाचायची. एफ असेल तर इन्बिल्ट ग्राफिक्स बंद केलेलं असतं, ते थोडं स्वस्त मिळतं आणि दुकानदार "तुमच्याकडे कार्ड आहेच की" म्हणून तेच देतो. गेमिंगला अगदी बरोबर सल्ला, माझ्या कामाला अगदी चुकीचा. के म्हणजे ओव्हरक्लॉकवाला (ठरलेल्या स्पीडच्या वर चालवता येणारा), आणि ओव्हरक्लॉक करायचं तर झेड सिरीजचा महाग बोर्ड लागतो, ते मला नको होतं. एएमडीत (इंटेलची स्पर्धक कंपनी) जी असेल तर दणकट इन्बिल्ट ग्राफिक्स, आणि एक्स३डी म्हणजे जास्तीची कॅश, जी गेमला लागते. अजून बारीक गोष्ट, आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे आणि त्यात व्हिडिओ इंजिन एकच, आय५-१२५०० आणि त्यावरच्यांमध्ये यूएचडी ७७० आहे आणि त्यात दोन. दुकानात हे कुणी सांगत नाही, इंटेलच्या साइटवर प्रत्येक मॉडेलसमोर लिहिलेलं असतं.

एएमडीचा विचार मी मनापासून केला. त्यांच्या रायझन प्रोसेसरची किंमत चांगली, वीज कमी, आणि एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) २०२७ पर्यंत तरी चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येतो. एएम४ वाले लोक २०१७ च्या बोर्डावर काही वर्षांनी ५००० सिरीज टाकून बसलेत, ते बघून हेवा वाटतो. पण रायझनच्या इन्बिल्ट ग्राफिक्सला एच.२६५ चं ४:२:२ डीकोड येत नव्हतं, म्हणून माझ्या फुटेजला तो उपयोगाचा नव्हता. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट १२, १३ आणि १४ व्या जनरेशनपर्यंतच, पुढचे कोअर अल्ट्रा वेगळ्या सॉकेटवर गेले, म्हणजे हा बोर्ड इथेच संपणार हे समजून घेतलं.

आणि १३-१४ व्या जनरेशनची भीती होतीच. २०२४ मध्ये ते प्रकरण गाजलं, वरचे आय९, आय७ प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून मागून हळूहळू खराब होत होते, गेममध्ये व्हिडिओ मेमरी संपली असे खोटे एरर यायचे आणि लोक ग्राफिक्स कार्डं बदलत बसले. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि त्या मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. प्रोसेसर खरोखर स्वतः दोषी असल्याचं हे मोठं उदाहरण, आणि तिथे संशय मात्र दुसऱ्यांवरच गेला. ज्याच्याकडे असं मशीन आहे त्याने बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलाय का ते आजच बघा, कारण झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही, पुढचं फक्त थांबतं.

सगळं तोलून आय५-१४५०० घेतला. सहा मोठे कोर, आठ छोटे, २० थ्रेड, यूएचडी ७७०. बेस ६५ वॉट लिहिलंय पण टर्बोला १५४ पर्यंत जातो, म्हणून सोबतचा छोटा कूलर न वापरता टॉवर कूलर घेतला, रेंडर तासन्‌तास चालतो. बी७६० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५, दोन पट्ट्यांत. सीलबंद बॉक्समधला घेतला, ट्रेमधला सुटा नाही, कारण बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि सुट्याला दुकानदाराच्या शब्दाशिवाय काही नसतं. पक्कं जीएसटी बिल, त्यावर सिरीयल नंबर.

पुण्यात दुकानातच जोडायला दिलं. पॉवर दिली, फॅन फिरले, डिस्प्ले नाही, सीपीयूचा लाल दिवा. जोडणारा पोरगा म्हणाला, "दादा, प्रोसेसर डिफेक्टिव्ह निघाला." मी म्हणलं थांब रे, बोर्डाच्या बॉक्सवरचं स्टिकर बघू. बी७६० बोर्ड २०२३ च्या जानेवारीत बाजारात आले, १४ व्या जनरेशनचे हे नॉन-के प्रोसेसर २०२४ च्या जानेवारीत. पडून असलेल्या स्टॉकमधल्या बोर्डात जुना बायोस असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखूच येणार नाही. बोर्डाला मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण होतं, त्यात प्रोसेसर चालू असायची गरज नसते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, कंपनीच्या साइटवरून त्याच बोर्डाच्या त्याच रिव्हिजनची फाइल घेतली, सांगितलेलं नाव दिलं, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बटण दाबलं. दिवा लुकलुकत राहिला, काही मिनिटांनी थांबला. परत चालू केलं तर आधी नुसता काळा स्क्रीन, पोरगा रीसेट दाबायला निघाला, त्याला अडवलं. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी टायमिंग जुळवत बसतो, त्याला वेळ लागतो, तेवढ्यात बंद केलं की ते परत पहिल्यापासून. थोड्या वेळाने डिस्प्ले आला. पोरगा हुशार होता, त्याने लगेच त्या लॉटमधल्या बाकीच्या बोर्डांचे बायोस नंबर तपासायला घेतले.

घरी आणून विंडोज टाकलं तर रॅम १६ जीबीच दिसते. एक पट्टी गायब. पट्ट्यांची अदलाबदल केली, दोन्ही पट्ट्या दुसऱ्या स्लॉटमध्ये चालतात, चौथ्या स्लॉटमध्ये एकही चालत नाही. म्हणजे रॅम चांगली, दोष त्या चॅनेलचा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याचा. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, म्हणून इथेही बोट प्रोसेसरकडेच जातं. पण एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, शेकडो बारीक स्प्रिंगसारख्या पिना, आणि प्रोसेसर त्यावर नुसता दाबून बसलेला असतो. एखादी पिन वाकली किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला तर तिकडचा संपर्क सुटतो आणि चॅनेल जातो. सॉकेट उघडायच्या आधी सोपं ते केलं, कूलरचे स्क्रू बघितले, एक गच्च आणि त्याच्या समोरचा बराच सैल. चारही ढिले केले आणि तिरप्या जोडीने थोडे थोडे पीळ देत सारखे आवळले. चालू केलं, ३२ जीबी, ड्युअल चॅनेल. तरी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला, एकही एरर नाही. सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी मात्र जपून ठेवलीय, बोर्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर ती मागतात.

शेवटचं एक काम राहतं जे बहुतेक जण करत नाहीत. ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड इन्बिल्ट ग्राफिक्स आपोआप बंद करतात. मग क्विक सिंक दिसतच नाही आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच झोपलेलं राहतं. बायोसमध्ये जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर हे एनेबल करायचं, मग विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा, एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर, त्याच्या प्रेफरन्समध्ये हार्डवेअर डीकोडिंगला इंटेलवर टिक आहे का बघायचं. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या ग्राफिक्सखाली व्हिडिओ डीकोडचा आलेख वर जाताना दिसला की समजायचं जमलं. माझी तीच हळदीची क्लिप आता प्रॉक्सीशिवाय पळते, दोन कॅमेरे एकावर एक ठेवून कट मारता येतात, तीन ठेवले की थोडं अडखळतं.

आय७-४७९० अजून चालू आहे. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, ते ८ व्या जनरेशनपासून पुढे, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याचं इंटरनेट काढून टाकलं. भाचा त्यावर अल्बमची पानं लावतो, नवीन एसएमपीएस, नवीन पेस्ट, आणि रेंडर लावला तरी ताप ७० च्या वर जात नाही.